घरगुतीला शेवटचा नंबर

पोलिसांच्या कंट्रोल रूमला खिडकी नव्हती. शहरात काय चाललंय हे ज्या खोलीला सगळ्यात आधी कळतं, त्याच खोलीतून शहर दिसत नाही, याला सरकारी बुद्धी म्हणतात. भिंतीवर मोठा नकाशा, त्याखाली लांब टेबल, टेबलावर फोन आणि वायरलेसचा सेट. आणि सेटसमोर, पाठीला घरून आणलेली उशी लावून, माईकताई.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. आवाज असा, की माईक नसता तरी चार गल्ल्यांपलीकडे ऐकू गेला असता. सासूबाई म्हणायच्या, "हिला हळू बोल म्हटलं, की ही शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकंच हळू बोलते." नोकरीला लागली तेव्हा तिला गाडीवर जायचं होतं. साहेब म्हणाले होते, "बाईमाणसाचा आवाज गोड असतो, तुम्ही आत बसा." आवाज गोड नाही हे साहेबांना पहिल्याच दिवशी कळलं, पण तोवर हुकूम निघाला होता. तिच्याबरोबर लागलेले पुरुष गाडीवर गेले, गाडीवरून जमादार झाले. ही आतच राहिली.

आता या खोलीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरून घडलं. फोन आला की प्रकार ठरवायचा आणि गाड्यांना संदेश देताना तो एक शब्द आधी बोलायचा. चोरी. अपघात. आग. मारामारी. पहिला शब्द कानावर पडला की गाडीतले ठरवत, सायरन लावायचा की आधी चहा संपवायचा. आणि नवरा बायकोला बडवत असेल, तर शब्द होता 'घरगुती'. घरगुतीला शेवटचा नंबर. बाकीची कामं उरकली की रमतगमत जायचं, दारात उभं राहून "काय वहिनी, मिटलं ना?" असं विचारायचं. वहिनी मान हलवायची. मागे नवरा उभा असताना ती दुसरं काय हलवणार होती?

ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. ती कवायत मास्तरांची शिकवण. शहरातला प्रत्येक पोलीस मास्तरांच्या हाताखालून गेलेला, माईकताईसुद्धा. उंच, ताठ, बुटात तोंड दिसावं असं पॉलिश, आणि 'सावधान' म्हणाले की मैदानाच्या कुंपणावरचे कावळेही जरा सरळ बसत. भरतीच्या पोरांना मास्तर म्हणजे देव. वर्गात ते सांगायचे, "घरगुती भांडणात पोलिसाने घाई करायची नाही. निम्मी भांडणं आपण पोचेपर्यंत मिटतात." वर्गात खसखस पिकायची.

कशी मिटतात, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. ते माईकताईला ऐकू यायचं. पहिला फोन रडत, ओरडत आलेला असायचा. थोड्या वेळाने दुसरा यायचा, अगदी शांत. "गाडी नको, मिटलं आमचं." तो आवाज कसा शांत झाला, ते माईकताईला कळायचं. पण रीत ती रीत.

एके दिवशी सकाळी भांड्यांच्या दुकानदाराचा फोन आला. कोणीतरी पहार घेऊन त्याच्या दुकानाचं शटर उचकटत होतं आणि दुकानदार आत अडकला होता. "चोरी, शटर फोडतायत," माईकताईने संदेश दिला. दोन गाड्या शर्यत लावून गेल्या. सायरन असा, की शाळेतली पोरं बाकांवर उभी राहिली. पोलिसांनी शटरवाल्याला आडवा केला, बेड्या घातल्या, आणि मग कळलं की तो दुकानदाराचा सख्खा धाकटा भाऊ. वाटणीचं भांडण. दोन नंबर गाडीचे जमादार वायरलेसवर हसत म्हणाले, "ताई, चोर घरचाच निघाला. पण पहार होती हातात, सोडतो की काय! आत टाकला."

माईकताई त्या सेटकडे बघत बसली. आणि मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ भावाचं शटर फोडतो, तर ती चोरी. नवरा बायकोचं डोकं फोडतो, तर ते घरगुती. पत्र्याला जी घाई मिळते ती कवटीला नाही?

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तिच्या नवऱ्याचं केशकर्तनालय होतं, म्हणजे शहरातल्या पुरुषांची मतं त्याला फुकट आणि न मागता मिळत. तो कैचीला तेल घालत म्हणाला, "मग तू नातं सांगूच नकोस."

"म्हणजे?"

"अगं, गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मी विचारतो का, तू कोणाचा कोण? मला डोकं दिसतं. तुला काय दिसतं तेवढं सांग."

इतकी साधी गोष्ट आपल्याला आधी का सुचली नाही, म्हणून माईकताईला नवऱ्याचा राग आला. मग तिने त्याला दुसऱ्यांदा भाजी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून तिने 'घरगुती' हा शब्द तोंडातून काढून टाकला. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. जे घडतंय तेवढंच बोलायची. "एक इसम, हातात लोखंडी सळई, दार फोडतोय, आत एक बाई." "एक इसम गळा दाबतोय, बाई जमिनीवर." पत्ता. संपलं. गाड्या धावत सुटायच्या. पोलीस जिना चढून धापा टाकत पोचायचे, आणि सळई हातातच असलेल्या माणसाला धरायचे. सळई हातात असताना धरलेला माणूस आणि चहा पीत सोफ्यावर बसलेला माणूस यात जमीनअस्मानाचा फरक असतो. पहिल्यावर गुन्हा दाखल होतो. दुसरा पोलिसांनाच चहा विचारतो.

गाडीवाले कुरकुरायला लागले. सगळ्यात जास्त कुरकुर दोन नंबरच्या जमादारांची. जाडजूड माणूस, जिन्यांशी जुनं वैर.

"ताई, तुम्ही इसम म्हणालात. तिथे तर नवरा निघाला!"

"नवरा इसम नसतो का?"

"असतो. पण तुम्ही आधी सांगितलं असतं तर..."

"तर काय केलं असतंत?"

जमादार म्हणाले, "गुडघे दुखतात हो माझे."

"त्या बाईचा हात मोडला होता, जमादार. तुमच्या गुडघ्यांना मलम लावा."

सगळ्या गाड्यांवर ते ऐकू गेलं. पाच नंबरमधलं कोणीतरी हसलं. जमादार दिवसभर तिच्याशी कामापुरतं बोलले.

आणि मग ती दुपार आली. जेवणं नुकतीच झालेली. साहेब आपल्या खोलीत पेपर वाचत वाचत पेपराखाली गेले होते. फोन वाजला. पलीकडे बाई कुजबुजत होती. कुजबुजीमागे धाड, धाड असे घाव पडत होते.

"मी बाथरूममध्ये आहे. आतून कडी लावलीय. ते पहारीने दार फोडतायत."

"पत्ता सांगा."

बाईने पत्ता सांगितला. मग थांबून म्हणाली, "पण तुम्ही कोणाला पाठवणार नाही, माहीत आहे मला. माझे यजमान म्हणजे तुमचेच मास्तर. कवायत मास्तर."

माईकताईचा हात माईकवर होता, तो तिथेच थांबला. मास्तर. तिला पहिला सलाम शिकवणारे. मैदानावर तिला चक्कर आली तेव्हा स्वतःच्या बाटलीतलं पाणी देणारे. नाव घेतलं तर काय होईल, हे तिला नकाशावरच्या रस्त्यांइतकं स्पष्ट दिसत होतं. गाडी जाईल, पण आधी मास्तरांना फोन जाईल.

"ताई, फोन ठेवू नका," ती त्या बाईला म्हणाली. तिने रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबला आणि माईक ओढला. "सर्व गाड्या. एक इसम, हातात पहार, बाथरूमचं दार फोडतोय. आत एक बाई अडकली आहे." पत्ता सांगितला.

"दोन नंबर जवळ आहे. निघालो."

दोन नंबर. म्हणजे जमादार, मास्तरांचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात लाडके चेले. माईकताईने डोळे मिटून घेतले. पण शब्द निघून गेला होता.

पुढचं तिने फोनमधून ऐकलं. सायरन जवळ आला. बाहेरचं दार ढकललेलं ऐकू आलं, मग जिन्यावरून, घरातून, जड बुटांचे आवाज. जमादारांचा आवाज आला, "कोण आहे रे तो, पहार खाली ठे..." आणि तो तिथेच तुटला. मग हलक्या, चकित आवाजात, "मास्तर?"

आणि मास्तर गरजले, "सावधान!"

तीन जोड्या बुटांच्या टाचा एकदम आपटल्या. खाड! फोनमधूनही स्पष्ट ऐकू आलं. जमादार आणि दोन शिपाई, तिघेही जागच्या जागी खांबासारखे ताठ झाले. त्यांनी ठरवून केलं नाही. ते त्यांच्या पोटऱ्यांनीच केलं. इतकी वर्षं त्या आवाजाला त्यांच्या पायांनी कधी विचारलं नव्हतं, की का म्हणून?

आणि पुन्हा धाड. मास्तरांनी त्यांच्याकडे पाठ केली होती आणि दारावर पुढचा घाव घातला होता. फळी फुटल्याचा आवाज आला. बाई किंचाळली.

तीन पोलीस, एक पहारवाला, आणि पोलीस सावधान.

माईकताईने माईक असा धरला, की त्याची दांडी वाकली. आयुष्यात कोणाला तिने हुकूम दिला नव्हता. तिच्या खुर्चीला संदेश देण्याचा अधिकार होता, हुकमाचा नव्हता. तिने छातीत श्वास भरला आणि मैदानावर ऐकला होता अगदी तसा, लांबवून, तोडून, हुकूम सोडला.

"वि...श्राम!"

जमादारांच्या कमरेच्या वॉकीटॉकीतून तो त्या घरात फुटला, आणि फोनमधून उलटा तिच्याच कानात आला. बूट हलले.

"जमादार! पहार धरा! धरा त्याला!"

झटापट. काहीतरी जड फरशीवर पडलं. मास्तरांचा आवाज, "गाढवा, मी तुला शिकवलंय!" आणि जमादारांचा, रडवेला, पण पक्का, "हो मास्तर. हात मागे घ्या."

कंट्रोल रूमच्या दारात साहेब उभे होते. गालावर पेपराची शाई उमटली होती. "कोणाला विश्राम देताय, बाई?"

ज्या घावाने फळी फुटली होती, त्याने मास्तरीणबाईंचं मनगट मोडलं. अजून एक बसला असता तर तो मनगटावर थांबला नसता, असं डॉक्टर म्हणाले. भांडणाचं कारण काय, हे पुढे सगळ्या शहराने विचारलं. पहार उचलायला कोणतं कारण पुरतं, हे कोणी विचारलं नाही.

पोलिसांत मात्र भलतंच वारं वाहू लागलं. मास्तरांना बेड्या! मैदान ओस पडलं होतं आणि वर्षाची मोठी परेड तोंडावर आली होती. साहेबांनी माईकताईला खोलीत बोलावलं, दार लोटलं, आणि जमेल तितक्या गोड आवाजात म्हणाले, "चौकशी लागलीय. मुख्यालयातून मोठ्या बाईसाहेब स्वतः येणार. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, की ऐकण्यात गडबड झाली. बाईने नवरा सांगितलं होतं, तुमच्याकडून राहून गेलं. संपलं."

"मग काय होईल?"

"मग गैरसमज. कागद घरगुतीत जातील. मास्तर मैदानावर येतील, वहिनींची आपण समजूत काढू."

"आणि त्या परत त्याच घरात जातील."

"मग कुठे जाणार? नवराबायकोचं आहे, बाई. तुमची खुर्चीही वाचेल. नाही म्हणालात तर गणवेशाचं कोठार आहेच, तिथे कोणीतरी लागतंच बटणं मोजायला."

"ऐकण्यात गडबड होत नाही माझी," माईकताई म्हणाली. "तेवढं एकच तर काम दिलंत तुम्ही मला."

साहेबांनी त्याच दिवशी तिला सेटवरून उठवलं. चौकशी होईपर्यंत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, माईकला हात लावायचा नाही. तिची उशी तिने बरोबर नेली. सेटवर एक नवा पोरगेला शिपाई बसला आणि पुन्हा 'घरगुती, घरगुती' सुरू झालं. दर वेळी माईकताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

नवऱ्याच्या दुकानातही झळ पोचली. पोलीस गिऱ्हाइकं यायची बंद झाली. एक आला, तो खुर्चीत मान मागे टाकून, गळ्याला साबण लावलेला असताना म्हणाला, "तुझ्या बायकोने मास्तरांना अडकवलं, बरं का." नवऱ्याने हातातला वस्तरा उजेडात धरून पाहिला. "साहेब," तो म्हणाला, "जागा चुकली तुमची हे बोलायची." गिऱ्हाईक अर्धी दाढी झाल्यावरच उठून गेलं. रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने हे सांगितलं तेव्हा सासूबाई हसून हसून ठसकल्या. पण अंथरुणावर पडल्यावर नवरा हळूच म्हणाला, "कोठारात टाकलं तर सहन होईल तुला?"

"नाही होणार."

"मग?"

"मग नाही होणार. पण खोटं नाही बोलणार."

चौकशीच्या दिवशी मास्तरीणबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. बारीक चणीची बाई, केस घट्ट विंचरलेले. दुसरेच दोन जुने जमादार त्यांच्या शेजारी बसून समजूत काढत होते. "वहिनी, माणूस देव आहे हो. रागाच्या भरात..." माईकताई पुढून जाताना म्हणाली, "सरका जरा, मलाही बसायचंय." आवाज ऐकून मास्तरीणबाईंनी झटकन मान वर केली.

"तुम्हीच का त्या?"

"मीच."

मास्तरीणबाईंनी चांगला हात पुढे करून तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. आत बोलावणं येईपर्यंत तशाच बसल्या. दोन्ही जमादार चुळबुळ करत उठून गेले.

आत मोठ्या बाईसाहेब बसल्या होत्या. पिकलेले केस, इस्त्रीची घडी मोडू न देणारी बसण्याची ढब. या खुर्चीपर्यंत पोचायला त्यांनी काय काय हसून सोडून दिलं असेल, ते त्यांच्या ओठांच्या रेषेवर दिसत होतं. आपल्या नोकरीत आपण कधी बाई असल्याचं भांडवल केलं नाही, हे त्या प्रत्येक भाषणात सांगत. शेजारी लिहून घ्यायला कारकून. एका बाजूला साहेब, एका बाजूला जमादार, भिंतीला टेकून.

आधी मास्तरीणबाईंना विचारलं गेलं. "हा घरगुती वाद होता का?"

"घरगुती?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्या घरात आतून कडी लावता येईल अशी एकच जागा माझी होती. ती बाथरूम. तिचंही दार त्यांनी फोडलं. मग घर कोणाचं, ते तुम्हीच ठरवा."

कारकुनाचा पेन थांबला. बाईसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो पुन्हा चालू झाला.

मग माईकताईची पाळी. "बाईने सांगितलं होतं, की दार फोडणारा तिचा नवरा आहे, आणि तो कोण आहे?"

"सांगितलं होतं."

"तुम्ही ते गाड्यांना सांगितलं नाही."

"नाही."

"विसरलात?"

साहेबांनी आशेने मान पुढे काढली. माईकताईने त्यांच्याकडे बघितलं सुद्धा नाही. "विसरले नाही. मुद्दाम नाही सांगितलं. कित्येक दिवसांपासून कोणाचंच सांगत नाही. पहार कोणाच्या हातात आहे ते सांगितलं की गाडी धावते. तो कुंकवाचा धनी आहे असं सांगितलं की गाडी बसते."

"गाडीत बसलेल्या लोकांना आपण कुठे जातोय ते कळायला नको का? त्यांच्याही जिवाचा प्रश्न असतो."

"म्हणून तर पहार सांगितली, बाईसाहेब. लग्नाने कोणाचं डोकं फुटत नाही, पहारीने फुटतं."

बाईसाहेबांच्या ओठांची रेषा जरा हलली. त्या जमादारांकडे वळल्या. सगळ्या खोलीला ठाऊक होतं, की जमादार मास्तरांचा माणूस. साहेबांनी तर त्यांच्यासाठी उत्तरही तयार करून दिलं होतं.

"जमादार, संदेशात 'घरगुती, मास्तरांच्या घरी' असं आलं असतं, तर तुम्ही कधी निघाला असता?"

जमादारांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "लगेच निघालो असतो, बाईसाहेब," असं काहीतरी त्यांनी पाठ केलं होतं, त्यांचे ओठ तसे हललेही. मग त्यांची नजर मास्तरीणबाईंच्या बांधलेल्या हातावर गेली आणि तिथेच अडकली.

"चहा संपवून," जमादार म्हणाले.

"काय?"

"चहा संपवून निघालो असतो. आणि आधी मास्तरांना फोन केला असता, की येतोय म्हणून." त्यांनी टोपी काखेत मारली. "तिथे पोचूनसुद्धा मी सावधान उभा होतो, बाईसाहेब. माझ्या डोळ्यांसमोर फळी फुटली आणि मी सावधान. ताईंनी विश्राम दिला नसता तर अजून उभाच असतो."

साहेब खाकरले. "तोच मुद्दा आहे, बाईसाहेब. ऑपरेटरला हुकूम द्यायचा अधिकार नाही. हे शिस्तीत बसत नाही. निदान ताकीद तरी..."

"नियम तसाच आहे," बाईसाहेब माईकताईला म्हणाल्या. "ताकीद द्यावी लागेल. आणि पुन्हा असं करणार नाही, हे तुम्ही लिहून द्यायचं."

"ताकीद द्या," माईकताई म्हणाली. "घेते. पण पुन्हा करणार नाही असं मी लिहून देणार नाही, कारण करणार आहे. आणि ताकीद कशाबद्दल, ते पूर्ण लिहा. नुसतं 'शिस्तभंग' नको. तीन पोलीस पहारवाल्या आरोपीच्या हुकमावरून सावधान उभे होते आणि तो बाईवर घाव घालत होता, तेव्हा या ऑपरेटरने त्यांना विश्राम दिला, म्हणून ताकीद. एवढं सगळं लिहा, मी खाली सही करते."

कारकून पेन हवेत धरून बाईसाहेबांच्या तोंडाकडे बघत राहिला. बाईसाहेबांनी समोरचा कोरा कागद कारकुनाकडे सरकवला. त्यांना काय काय आठवत होतं, कोण जाणे. मग त्या कारकुनाला म्हणाल्या, "लिहा."

"बाईसाहेब, हे वर जाईल," साहेब म्हणाले.

"जाऊ दे वर. ती सांगतेय तसंच लिहा, शब्द गाळू नका. आणि त्याखाली माझा हुकूम घ्या. यापुढे संदेशात आधी काय घडतंय ते सांगायचं. कोण कोणाचं कोण, हे आरोपीच्या हातातली वस्तू काढून घेतल्यावर विचारायचं. 'घरगुती' हा प्रकार आजपासून बंद. मास्तरांवरचा गुन्हा आहे तसाच राहील." मग साहेबांकडे न बघता, "आणि मैदानावर नवा माणूस बघा."

ताकीद टाइप होऊन आली, शिक्का बसला. माईकताईने सही केली, आपली प्रत घेतली, स्टुलावरची उशी उचलली आणि थेट सेटसमोर आली. पोरगेला शिपाई स्वतःहून उठला. तिने उशी लावली, बसली, माईकची वाकलेली दांडी तोंडापुढे ओढली.

साहेब मागून धावत आले. "बाई, काय करताय? ताकीद खाजगी असते!"

"खाजगी?" माईकताई म्हणाली. "म्हणजे घरगुतीच की."

आणि तिने बटण दाबलं.

"सर्व गाड्यांना संदेश. कंट्रोलच्या ऑपरेटरला आज मिळालेली ताकीद वाचून दाखवते." आणि तिने पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. पहार वाचली, बाथरूम वाचली, सावधान उभे असलेले तीन कर्मचारी वाचले, विश्राम वाचला. खाली बाईसाहेबांचा हुकूमही वाचला. आवाज नेहमीचाच, चार गल्ल्यांपलीकडे जाणारा. वाचून झाल्यावर तिने बटण सोडलं आणि उत्तरांची वाट बघत बसली.

"एक नंबर. समजलं."

"तीन नंबर, समजलं."

"पाच नंबर. समजलं, ताई."

दोन नंबरकडून काहीच आलं नाही. सेटमधून नुसती खरखर येत होती. साहेबांनी विजयी चेहऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग खरखर तुटली.

"दोन नंबर," जमादारांचा घोगरा आवाज आला. "परत एकदा वाचा, ताई. तो सावधानचा भाग जरा सावकाश वाचा. आम्ही तिघंही गाडीतच आहोत."

माईकताईने कागद सरळ केला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.